शिनाच्या बहरात आलेला धूर

दार उघडून चिहारु "कोण पाहिजे?" म्हणाली, पण आवाज घशातच अडकला. तिने खाकरून पुन्हा विचारलं. बरेच दिवस ती कुणाशी बोललीच नव्हती. आवाज वापरायची सवयच मोडली होती.

दारात एक म्हातारा उभा होता. गळ्यात टॉवेल, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, काखेत जाळीची टोपी. उच्चार थेट दक्षिणेकडचे, क्यूशूचे.

"रानातला तो लोखंडी टॉवर तुमचा का?"

"विद्यापीठाचा आहे. मी इथे काम करते."

"मग तुमच्या विद्यापीठाला विचारा, त्या टॉवरमधून काय सोडताय म्हणून. माझ्या माश्या रिकाम्या परत येतायत."

"आम्ही काही सोडत नाही. उलट हवा आत ओढतो."

"आत ओढता? ती कशाला?"

"मोजायला."

म्हाताऱ्याने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हवा मोजता. आणि त्याचा पगार मिळतो?"

"मिळतो."

"मजा आहे," तो म्हणाला आणि विचारल्याशिवायच पायरीवर बसून बूट काढायला लागला. चहा मिळणार हे त्याने गृहीतच धरलं होतं.

चिहारु वाकुई चव्वेचाळीस वर्षांची होती. होक्काइदोच्या अगदी उत्तरेला, ओनुपनाई नावाच्या खेड्यापासून वर रानात, विद्यापीठाचं एक लहान केंद्र होतं. चार खोल्या, एक जनित्र आणि दरीच्या वरच्या अंगाला झाडांच्या डोक्यावर निघालेला टॉवर. तिथून नळ्यांतून हवा खाली यायची आणि यंत्रं तिच्यात काय काय आहे ते सांगायची. पूर्वी इथे तिघं असायची. एक निवृत्त झाला, दुसऱ्याची साप्पोरोला बदली झाली, आणि पैसे नाहीत म्हणून त्या जागा पुन्हा भरल्या गेल्याच नाहीत. नवऱ्यापासून ती त्याआधीच वेगळी झाली होती. भांडण असं काही नव्हतं. वर्षातले आठ महिने ती रानात आणि तो शहरात, असं करता करता एक दिवस दोघांनाही कळलं की आपल्याला आता एकमेकांची सवय राहिलेली नाही. आई गेल्या हिवाळ्यात हाकोदातेला वारली. त्यानंतर रविवारचा फोनही बंद झाला. यंत्रं बिघडली की चिहारु त्यांना शिव्या द्यायची, सुरळीत चालली की शाबासकी द्यायची. कुणी ऐकलं असतं तर तिला लाज वाटली असती. पण ऐकायला होतं कोण.

म्हाताऱ्याचं नाव समेशिमा. कागोशिमाचा मधपाळ. दर वसंतात ट्रकवर पेट्या चढवून तो फुलांच्या मागे उत्तरेकडे निघायचा. आधी मोहरीची पिवळी शेतं, मग बाभळीसारख्या दिसणाऱ्या झाडांचा पांढरा बहर, आणि जुलैत बोटीने सामुद्रधुनी ओलांडून इथे, शिनासाठी. शिनाची झाडं जुलैत बारीक पिवळसर फुलांनी लगडतात आणि त्यांचा वास अर्ध्या दरीत भरून राहतो. निदान एरवी तरी राहतो.

"झाडं फुललीयत," समेशिमा चहाचा पेला दोन्ही हातांत धरून म्हणाला. "मी फांदी वाकवून जिभेवर घेतलंय. रस आहे. माश्या उडतात, भटकतात आणि हात हलवत परत येतात. चाळीस वर्षांत असं पाहिलं नाही. म्हणून म्हटलं, या टॉवरवाल्यांनीच काहीतरी केलं असणार."

चिहारुने खिडकीकडे बोट केलं. "हे धुकं दिसतं ना? हे धुकं नाहीच. धूर आहे."

समोरच्या डोंगराची कड पुसट झाली होती. सूर्य तांबूस होता; त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं.

"कुठे पेटलंय?"

"इथे नाही. समुद्रापलीकडे, सैबेरियात. तिथली जंगलं पेटलीत. वाऱ्यावर बसून दोन-तीन दिवसांत धूर इथे आला."

"काय सांगता! मग मला जळका वास कसा आला नाही?"

"इतक्या लांबून येता येता वास मरतो. बाकीचं येतं."

त्या बाकीच्याचीच चिहारुला चिंता लागली होती. या रानातली हवा देशातल्या सगळ्यात स्वच्छ हवांपैकी एक. ती स्वच्छ असते म्हणून तर टॉवर इथे उभारला. पण धूर आल्यापासून यंत्र दुपारी ओझोन दाखवत होतं तो एरवीच्या तिपटीने. मोठ्या शहरात उन्हाळ्याच्या भर दुपारी असतो तितका. तिने साप्पोरोला तिच्या वरिष्ठांना, प्राध्यापक कुवाजिमांना फोन केला होता. ते म्हणाले होते, "वाकुईसान, यंत्र बिघडलंय. तपासा. आणि नाहीतरी धुराचे दिवस आपल्याला काढूनच टाकावे लागतील. आपण स्वच्छ हवा मोजतो."

तिने यंत्र तपासलं. दोनदा. यंत्र शहाण्यासारखं बरोबर चालत होतं.

हे सगळं ती समेशिमाला सांगत सुटली. कुणी विचारलेलं नसताना इतकं बोलायची तिची पद्धत नव्हती. पण म्हातारा मान हलवत होता, मध्येच "हं, मग?" म्हणत होता, आणि तेवढं पुरेसं होतं.

"मग हा ओझोन सैबेरियातून आला का?"

"थोडा. बहुतेक इथेच तयार होतोय. झाडं उन्हात नेहमीच काहीतरी बाहेर टाकत असतात. ओकचं वेगळं, फरचं वेगळं. रानाचा वास म्हणतो ना आपण, त्यातलाच हा सगळा प्रकार, काहींना वास असतो, काहींना नसतो. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण धुराबरोबर नायट्रोजनची संयुगं येतात. वरच्या थंड हवेत ती गप्प बांधलेली असतात. खाली उबदार रानात उतरली की सुटतात, झाडांच्या त्या वायूंना भेटतात, वरून ऊन मिळतं आणि ओझोन होतो. नुसत्या झाडांनी इतका होणार नाही, नुसत्या धुरानेही नाही."

"दोघांनी मिळून केलेलं आहे म्हणा. नवरा-बायकोच्या भांडणासारखं. एकट्याला दोष देता येत नाही." तो स्वतःच्याच विनोदावर हसला. चिहारु हसली नाही, पण तिने त्याचा पेला पुन्हा भरला.

"आणि माझ्या माश्या?"

"ओझोन वास खातो. फुलातून निघालेला वास हवेत लांब जायच्या आतच विरतो. असं असू शकतं. मी अजून पाहिलेलं नाही."

"मग पाहा की, सेन्सेई!" शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं तो म्हणाला. "यंत्रं कशाला ठेवलीत?"

हे तिला सुचायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी तिने एका नळीचं टोक फुललेल्या शिनाच्या फांदीत बांधलं आणि दुसरी नळी दगड भिरकावला तर जिथे पडेल इतक्या अंतरावर ठेवली. वायू ओळखणारं यंत्र दोन्हींची हवा आळीपाळीने हुंगत राहिलं. समेशिमा दिवसभर मागे स्टुलावर बसून होता. त्याने सोबत भाताचे गोळे आणले होते, आत खारवलेलं आंबट उमेचं फळ. एक तिला दिला, दुसरा खाता खाता तो पडद्यावरच्या रेषा बघत होता.

फांदीजवळ वास भरपूर होता. लांबच्या नळीत दुपारपर्यंत जवळजवळ काहीच उरलं नाही. मागच्या उन्हाळ्यात चिहारुने हौसेने अशीच एक नोंद घेतली होती. तेव्हा लांबच्या नळीतही वास ठळक दिसला होता.

"म्हणजे माझं खरं निघालं," समेशिमा म्हणाला.

"तुमचं म्हणणं होतं की टॉवर काहीतरी सोडतो."

"ते सोडा हो."

"पूर्ण खात्री नाही मला," चिहारु म्हणाली. "सूर्यही झाकलाय. माश्या सूर्यावरून दिशा ओळखतात म्हणतात. तेही कारण असेल. दोन्ही असतील."

म्हाताऱ्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि काढली. शिनाचा बहर जेमतेम दोन आठवड्यांचा. त्यातले पाच-सहा दिवस गेलेच होते. त्याच्या पेट्या खाली नदीकाठी होत्या. तिथून शिनाची झाडं लांब पडतात, पण ट्रक जातो आणि अस्वलांसाठी कुंपण घालता येतं म्हणून त्याने ती जागा धरली होती. सगळ्यात दाट शिना होते वर, टॉवरच्या भोवती.

"वास लांब येत नसेल तर माश्यांनाच वासापाशी न्यायचं," तो म्हणाला. "पेट्या इथे झाडांखाली आणून ठेवल्या तर?"

चिहारुने वर टॉवरकडे पाहिलं. वरच्या रानाच्या तोंडाशी फाटक होतं आणि त्याची किल्ली तिच्याकडे होती. फाटकाच्या आत गाडी न्यायला सक्त मनाई होती. एका ट्रकच्या धुराने टॉवरवरचं सगळं मापन नासलं असतं.

"पेट्या आणायला हरकत नाही," ती शेवटी म्हणाली. "ट्रक फाटकाबाहेर राहील. आतलं हातगाडीवरून नेऊ."

"नेऊ म्हणजे? तुम्ही पण?"

"मग काय तुम्ही एकटे ओढणार?"

त्याच संध्याकाळी कुवाजिमांचा फोन आला. त्यांचा सूर पार बदलला होता. उपग्रहाच्या चित्रांत धुराचा पट्टा नेमका ओनुपनाईवरून गेलेला दिसत होता. असल्या रानात, झाडांच्या डोक्यावर, इतक्या लांबच्या धुराचं असं मापन फार थोड्या जणांकडे होतं. "वाकुईसान, ही संधी पुन्हा येणार नाही. धूर असेपर्यंत एक क्षणही वाया जाऊ देऊ नका. सकाळचे तास सगळ्यात महत्त्वाचे, ओझोन वाढायला लागतो ते. टॉवरजवळ कुणाला फिरकू देऊ नका."

"हो," ती म्हणाली. पेट्यांबद्दल बोलली नाही. हातगाडीला कुठे धूर असतो, असं तिने स्वतःला समजावलं.

पहाटे उजाडायच्या आधी, माश्या पेटीत असतानाच समेशिमाने दारं जाळीने बंद केली आणि पेट्या ट्रकवर चढवल्या. फाटकाशी दोघांनी त्या उतरवायला सुरुवात केली. हातगाडीवर एका वेळी दोन पेट्या मावत होत्या. चढ होता, वाट मुळांनी भरलेली होती. आतून घूं घूं असा दबका आवाज येत होता आणि हाताला त्याची थरथर लागत होती. समेशिमा पुढून ओढत होता आणि कंबरेला बांधलेल्या घंटेने अस्वलांना बजावत होता. चिहारु मागून ढकलत होती.

चौथ्या खेपेला तो मध्येच थांबला आणि झाडाला टेकून खाली बसला.

"गुडघा," तो म्हणाला. "काही नाही, जरा दम घेतो."

जरा म्हणता म्हणता उजेड पसरला. तो उठला, दोन पावलं चालला आणि पुन्हा बसला. चेहरा राखेसारखा झाला होता. चिहारुने एकटीने एक खेप केली. परत आली तेव्हा घामाने तिचे डोळे चुरचुरत होते आणि फाटकाबाहेरच्या ट्रकवर निम्म्याहून जास्त पेट्या तशाच होत्या. धुराआडून का होईना, सूर्य वर आला होता.

समेशिमा लंगडत फाटकापर्यंत आला होता; त्याने ट्रकच्या कडेला हात टेकून पेटीला कान लावला. आतला आवाज बदलला होता. चढा, कर्कश झाला होता.

"तापायला लागल्यात," तो म्हणाला. "बंद पेटीत उकडून मरतात त्या. इथे ट्रकवर दारं उघडली तर सगळ्या बाहेर पडतील, आणि पेट्या वर नेल्या की परत इथेच येऊन घोटाळतील. इथे घर नसेल." तो तिच्याकडे बघत नव्हता. फाटकाकडेही बघत नव्हता. "एक काम करा सेन्सेई. मी ट्रक खाली नेतो. वर ठेवलेल्या राहू देत. बाकीच्यांचं बघू काय होतं ते."

खाली पोहोचेपर्यंत त्यातल्या किती वाचल्या असत्या हे दोघांनाही कळत होतं.

चिहारुला टॉवरचा वरचा भाग दिसत होता. तिथे या घटकेला हवा आत ओढली जात होती, ओझोन हळूहळू चढत होता. वर्षानुवर्षं ती याच एका सकाळची वाट बघत इथे राहिली होती, असंही म्हणता आलं असतं. तिने खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि फाटक सताड लोटून दिलं.

"चालवा," ती म्हणाली.

"अहो, पण तुमचं ते मोजणं..."

"चालवा म्हणते ना! नाहीतर ट्रकची किल्ली द्या, मी चालवते."

जुना डिझेलचा ट्रक काळा धूर ओकत चढावर गेला. दोघांनी मिळून पेट्या झाडांखाली लावल्या आणि एकेक दार उघडलं. माश्या लोंढ्याने बाहेर आल्या, गोल गोल फिरून जागा ओळखायला लागल्या. काही पेट्यांच्या तळाशी मेलेल्यांचा थर होता. समेशिमाने तो हाताने बाहेर काढला, ओंजळीत धरून थोडा वेळ उभा राहिला आणि गवतात टाकला.

दुपारपर्यंत शिनाची झाडं गुणगुणत होती. चिहारु खाली येऊन पडद्यासमोर बसली. सकाळच्या रेषा ट्रकच्या धुराने वेड्यावाकड्या उसळल्या होत्या. नंतरच्या बऱ्या होत्या, पण ओझोन वाढायला लागला ते तास गेले होते. तिने त्या तासांवर खूण केली: वाहनामुळे दूषित. मग कुवाजिमांना स्वतःहून फोन केला आणि जे झालं ते सांगितलं.

त्यांनी ते तिला दोनदा सांगायला लावलं.

"माश्यांसाठी?" ते म्हणाले.

"हो."

"तुमच्या?"

"नाही. एका मधपाळाच्या."

"मला कळत नाही, वाकुईसान." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज फक्त थकलेला होता. "मी खरंच तुम्हाला ओळखत नाही बहुतेक."

फोन ठेवल्यावर ती विचार करत राहिली की मला ओळखतं कोण. आठवून आठवून जी नावं आली त्यांतली माणसं एकतर गेलेली होती किंवा दुरावलेली.

धूर आणखी आठवडाभर राहिला. समेशिमा तेवढे दिवस वरतीच तंबू ठोकून होता. कुंपणाच्या तारा आणि बॅटरी त्यांनी हातगाडीने आणल्या. संध्याकाळी तो केंद्रावर जेवायला यायचा. मिसोचं सूप, भात, कधी त्याच्याकडचं रताळ्याचं मद्य गरम पाण्यात घालून. बायकोबद्दल सांगायचा. तीही पेट्यांबरोबर फिरायची, प्रत्येक गावात कुणी ना कुणी तिच्या ओळखीचं असायचं. ती वारली आणि कळलं की ती ओळखीची माणसं तिची होती, त्याची नव्हती.

"मग आता तुम्ही कुणाशी बोलता?" चिहारुने विचारलं.

"राणीमाशीशी. ऐकून घेते, उलट उत्तर देत नाही. तुम्ही?"

"यंत्रांशी."

"ती उत्तर देतात?"

"आकड्यांत."

"बरंच की मग," तो म्हणाला, आणि दोघंही पहिल्यांदाच मनापासून हसले.

मध आला, पण नेहमीच्या निम्म्याहून कमी. समेशिमा खाली नदीकाठीच राहिला असता तर बहुधा तेवढाही मिळाला नसता. पण हे नक्की सांगता येत नव्हतं. चिहारुने ते त्याला स्पष्ट सांगितलं. "सांगायचंच असतं का सगळं?" तो म्हणाला. मग तीन दिवस पाऊस कोसळला, डोंगराची कड पुन्हा रेखीव दिसायला लागली आणि शिनाची फुलं खाली पडून वाट पिवळी झाली.

पेट्या खाली न्यायला दोन तरुण मधपाळ समेशिमाच्या मदतीला आले. या वेळी ट्रक फाटकाबाहेरच थांबला. निघायच्या दिवशी चिहारु टॉवरवर नळ्या बदलायला चढली होती. खालून हॉर्न ऐकू आला, लांबून, एकदा आणि पुन्हा एकदा. तो आत आला नव्हता. हवा नासायला नको म्हणून बाहेरूनच निरोप घेत होता. ती सुरक्षेचा पट्टा सोडवत शिड्या उतरायला लागली. टॉवर उंच होता. ती फाटकाशी पोहोचली तेव्हा रस्त्यावर चाकांच्या खुणा होत्या, आणि डिझेलचा वास विरत चालला होता.

धुरावरचा लेख हिवाळ्यात निघाला. त्यात तिचं नाव शेवटून दुसरं होतं. सकाळच्या गहाळ तासांबद्दल एक ओळ होती. फुलांच्या वासाबद्दल काही नव्हतं. कुवाजिमा म्हणाले होते की एका दिवसाच्या दोन नळ्यांवरून काही सिद्ध होत नाही. ते बरोबर होतं.

पुढच्या जुलैत ट्रक आला तेव्हा चिहारु स्वतःहून खाली नदीकाठी गेली. पेट्या त्याच होत्या, झाकणांवर समेशिमाची खूण. पण त्या उतरवत होतं एक तरुण जोडपं. बाईच्या पाठीला बाळ बांधलेलं होतं.

"समेशिमासान?" चिहारुने विचारलं. आवाज पुन्हा बसला होता.

"त्यांनी पेट्या आम्हाला दिल्या," मुलगा म्हणाला. "गुडघे गेले हो त्यांचे. आता मुलीकडे असतात. इझुमीला. तुम्हीच का टॉवरवाल्या सेन्सेई? त्यांनी नंबर दिलाय तुमच्यासाठी. म्हणाले, त्या फोन करणार नाहीत, तरी देऊन ठेव."

तिने त्याच संध्याकाळी फोन केला.

"कोण? सेन्सेई?" तो ओरडला. त्याला आता ऐकूही कमी येत होतं. "धूर आहे का यंदा?"

"नाही. हवा स्वच्छ आहे."

"छान. छान." मग तो मुलीच्या घरच्या जेवणाबद्दल बोलला, मीठ बंद केलंय म्हणाला, नातू दिवसभर बेसबॉल लावून बसतो म्हणाला. तिने ऐकून घेतलं. तिच्याकडे सांगण्यासारखं फार नव्हतं, तरी तिने सांगितलं: पंप बदलला, हिवाळ्यात बर्फाने छप्पर वाकलं, पेट्या घेतलेलं जोडपं नीट दिसतं.

"हं," तो म्हणाला. "हं." मग काहीच म्हणाला नाही.

तिला वाटलं फोन तुटला. पण तुटला नव्हता. पलीकडे टीव्हीवरच्या बेसबॉलमध्ये कुणीतरी धावा काढल्याचा गलबला चालू होता, कुणीतरी भांडी आवरत होतं, आणि अगदी जवळून, संथ लयीत, झोपलेल्या माणसाचा श्वास येत होता. म्हातारा हातात फोन धरूनच झोपी गेला होता.

चिहारुने फोन ठेवला नाही. खुर्ची ओढून ती खिडकीपाशी बसली आणि पलीकडचा सामना संपेपर्यंत ऐकत राहिली.